ग्राम्शी वाचून पॉप गाणाऱ्याला कसं ऐकावं

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. गाण्यांचे बोल नेटवर शोधत बसू नका, निदान पहिल्या संध्याकाळी तरी नाही. ‘स्क्रिटी पोलिटी’ या ब्रिटिश बँडबद्दल कुठेही वाचायला गेलं की ग्राम्शी, देरिदा, नीत्शे अशा युरोपीय विचारवंतांची नावं ओळीने येतात. मग ऐकणारा एकतर बिचकून पुस्तकं मागवतो, नाहीतर बोलांमध्ये ती नावं हुडकायला लागतो. माझी भाची समाजशास्त्र शिकते, तिने दुसरा मार्ग धरला. सगळे बोल छापून आणले, पिवळ्या पेनाने रंगवले आणि मला म्हणाली, “मावशी, यात ग्राम्शी कुठेच नाहीये गं. नुसती प्रेमगाणी आहेत सगळी.”

आहेतच. ग्राम्शी तिथे सापडायचा नाही. मी डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रण करते. तत्त्वज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे, पण ऐकण्याचं म्हणाल तर तेच माझं पोट भरतं. या बँडमागचा खरा माणूस एकच, ग्रीन गार्टसाइड. त्याची कारकीर्द पुढून मागून ऐकल्यावर माझं मत असं झालंय की पुस्तकातला विचार पॉप गाण्याच्या ओळीत फार कमी उतरतो. तो उतरतो गाणाऱ्याच्या निर्णयांत. गाणं कुणाबरोबर केलं, पैसे कुठून आले, वेष्टणावर काय छापलं, आवाज कसा लावला, तबला-ढोल म्हणा की ड्रम मशीन म्हणा, ठेका कुणी धरला. हे सगळं कानाने किंवा साध्या चौकशीने कळण्यासारखं आहे. त्यासाठी एम.ए. लागत नाही.

म्हणून एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: कुणाबरोबर, कुणाच्या पैशाने, कुणासाठी. प्रत्येक रेकॉर्ड ऐकून झाली की हे तीन रकाने भरायचे. तिसरा रकाना अंदाजाने भरावा लागतो आणि खरी गंमत तिथेच आहे.

लीड्स आणि कॅम्डेन: हिशेब छापणारी मंडळी

ग्रीनचा जन्म १९५५ चा, वेल्समधल्या कार्डिफचा. शाळेत असतानाच मित्राबरोबर तरुण कम्युनिस्टांची शाखा काढलेला हा मुलगा पुढे लीड्सच्या पॉलिटेक्निकात कला शिकायला गेला. डिसेंबर १९७६ मध्ये तिथे ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा कार्यक्रम झाला आणि पुढच्याच वर्षी ग्रीन, नायल जिंक्स आणि टॉम मॉर्ली यांचा बँड उभा राहिला. नाव घेतलं अंतोनियो ग्राम्शीच्या राजकीय लेखनाच्या इटालियन शीर्षकावरून, आणि ते थोडं वाकवलं, लिटल रिचर्डच्या ‘टुटी फ्रुटी’सारखं वाजावं म्हणून. मुसोलिनीच्या तुरुंगातला मार्क्सवादी आणि अमेरिकेतल्या जॉर्जियाचा रॉक अँड रोल गाणारा एकाच पाटीवर! या खोडीकडे लक्ष असू द्या, पुढे फार उपयोगी पडते.

मंडळी लंडनला आली आणि कॅम्डेनमधल्या एका ताबा मारलेल्या घरात राहायला लागली. तिथे बैठका, वाचन आणि वाद चालत. बँडचे सभासद म्हणजे फक्त वाद्य वाजवणारेच, असंही नव्हतं. १९७८ मध्ये त्यांनी स्वतःच्याच ‘सेंट पँक्रस’ लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली, ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ हे पहिलं गाणं काढलं.

आता हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर हे गाणं ऐकलंत तर अर्धं हरवेल, कारण जे काही आहे ते बेसमध्ये आहे. पहिल्या वेळी फक्त बेसच ऐका. चाल रेगेची आहे, जमैकाहून लंडनच्या गल्ल्यांत आलेली. दुसऱ्या वेळी गिटार ऐका. ती खरवडल्यासारखी वाजते, मुद्दाम कडेकडेने चालते, सुखाने कुठे बसतच नाही. तिसऱ्या वेळी आवाज. उंच, कोवळा आणि जरा दूरचा. रेकॉर्डिस्टच्या भाषेत सांगायचं तर आवाज मिक्समध्ये मागे ठेवलाय. गाणाऱ्याला पुढे यायचंच नाहीये.

शीर्षकातलं बोलोन्या म्हणजे इटलीतलं ते शहर, जिथे महापालिका कम्युनिस्टांची होती आणि १९७७ मध्ये रस्त्यावर विद्यार्थ्यांचा उठाव झाला. एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

रकाने भरताना वेष्टणाचं चित्र शोधून मोठं करून बघा. त्यावर रेकॉर्ड काढायला आलेला खर्च छापलाय: स्टुडिओचे इतके, मास्टरिंगचे इतके, तबकड्या प्रेस करून घ्यायचे इतके, लेबलं छापायचे इतके. हेतू सरळ होता. यात जादू काही नाही, तुम्हीही काढा! ग्राम्शी शोधायचाच असेल तर तो इथे, खर्चाच्या यादीत आहे. ज्ञान मूठभरांच्या हाती राहू नये, हा विचार गाण्यात न म्हणता छापखान्याच्या बिलात म्हटलाय. मला स्वतःला गाण्यापेक्षा ही यादीच जास्त आवडते. माझ्या धंद्यात अजूनही कुणी दर छापत नाही.

त्यानंतरच्या १९७९ च्या दोन लहान रेकॉर्ड्स एकेकदा ऐकून सोडून दिल्यात तरी चालेल. ठेका आणखी तुटक, बोल आणखी अवघड. ज्याला या वळणाची चटक लागते त्याला लागते. मला नाही लागली.

ब्रायटन आणि वेल्स: इथे थांबून वाचा

या टप्प्यावर ऐकायला काही नाही, पण घाई करू नका. सगळी कारकीर्द याच सांध्यावर वळली आहे.

१९८० च्या सुरुवातीला ‘गँग ऑफ फोर’ या लीड्सच्याच बँडबरोबर ब्रायटनला कार्यक्रम होता. त्यानंतर ग्रीन कोसळला. हृदयविकार असेल असं वाटलं, पण निघाला भीतीचा झटका. जागरणं, निकृष्ट खाणं आणि थंडगार घर यांनी शरीर आधीच पोखरलेलं होतं. तो वेल्सला आईवडिलांच्या आसऱ्याला गेला आणि तिथे कित्येक महिने अमेरिकन सोल, फंक, डिस्को ऐकत बसला. त्याला ती गाणी मनापासून आवडायला लागली. दुसरा कुणी असता तर त्याने परत येऊन सांगितलं असतं, “चला, आता गोड गाणी करू.” याने साथीदारांसाठी पानंच्या पानं टिपण लिहिलं. गाणं गोड का करायचं, याचं सैद्धांतिक समर्थन! मला हा प्रसंग हसवतो आणि पटतोही.

त्याचा युक्तिवाद माझ्या समजुतीप्रमाणे दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी ग्राम्शीची. सत्ता नुसत्या लाठीवर टिकत नाही, लोकांच्या संमतीवर टिकते. आणि ही संमती सवयींतून, म्हणींतून, वर्तमानपत्रांतून, गाण्यांतून रोज घडत असते. याला आपल्याकडचे प्राध्यापक धुरीणत्व म्हणतात. आता लोक जर पॉप ऐकत असतील, तर खरवडलेली गिटार घेऊन आपल्याच मताच्या चार लोकांसमोर वाजवणं म्हणजे मैदान सोडून बाहेर उभं राहणं. शुद्ध राहता येईल, पण कुणाला ऐकू जाणार नाही.

दुसरी पायरी जाक देरिदाची. आपण जोड्यांमध्ये विचार करतो: खरं आणि नकली, आतलं आणि बाहेरचं, मूळ आणि नक्कल. त्यातल्या एकाला नकळत वरचा पाट देतो. देरिदा म्हणतो, हा पाट जरा हलवून बघा, वरच्याचं वरपण खालच्याच्याच आधारावर उभं असतं. हे बँडला लावा. हातांनी, कच्चं, स्वस्तात केलेलं ते प्रामाणिक आणि चकचकीत ते खोटं, हीसुद्धा तशीच जोडी. खरवडलेली गिटार हाही एक मेकअपच, फक्त मेकअप केला नाही असं भासवणारा.

डबिंगमध्ये काम करणाऱ्याला हे लगेच पटतं. पडद्यावर माणूस वाळूत चालतो, त्या पावलांचा आवाज आमचा फोली कलाकार ट्रेमध्ये वाळू भरून काढतो. काचबंद खोलीत बोललेला संवाद स्वयंपाकघरातला वाटावा म्हणून आम्ही वरून स्वयंपाकघराची गुंज चढवतो. जितकी कारागिरी जास्त, तितकं प्रेक्षक म्हणतो, “किती नैसर्गिक!”

हा भाग वहीत आपल्या शब्दांत लिहून काढा. पुढचं सगळं ऐकताना तो हाताशी लागेल.

‘द स्वीटेस्ट गर्ल’: दोन गाणी पाठोपाठ

१९८१ साली ब्रिटनच्या एका संगीत साप्ताहिकाने ‘रफ ट्रेड’ कंपनीबरोबर काढलेल्या कॅसेटवर हे गाणं आधी आलं आणि मग रेकॉर्डवर. ‘स्कँक ब्लॉक’ संपताक्षणी हे लावा, मध्ये चहा नको.

काय राहिलं ते आधी शोधा. रेगेचा बेस राहिलाय. काय गेलं? गिटारची खरवड. आवाज मागून उठून थेट कानाशी आलाय, इतका जवळ की श्वास ऐकू यावा. आम्ही डबिंगमध्ये असे श्वास कापून टाकतो, इथे तो चालीचा भागच झालाय. कीबोर्डवर रॉबर्ट वायट आहे. तो स्वतः मोठा गायक, १९७३ च्या अपघातापासून चाकाच्या खुर्चीत आणि ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. म्हणजे पहिल्या रकान्यात अजून डावी माणसंच आहेत. गाणं सहा मिनिटांहून लांब आहे, रेडिओला नकोशी वाटावी अशी लांबी. अर्धा पाय अजून जुन्या घरात आहे.

वेष्टण मात्र डनहिल सिगारेटच्या पाकिटाच्या धर्तीवर केलेलं! पुढच्या रेकॉर्ड्सनी महागड्या अत्तराची आणि ब्रँडीची नक्कल केली. तीन वर्षांपूर्वी खर्च छापणारे हेच लोक. याला थट्टा म्हणायचं की मोह, यावर माझं आणि भाचीचं अजून एकमत नाही. ती थट्टा म्हणते. मला वाटतं त्याला ती पाकिटं खरोखरच सुंदर वाटत होती.

१९८२ चा ‘साँग्ज टू रिमेंबर’ हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत १२व्या क्रमांकावर गेला. अल्बम एकसंध नाही. काही गाण्यांत साथीच्या गायिका सुंदर आहेत, काही गाणी नुसती हुशार. याच अल्बमवर ‘जाक देरिदा’ नावाचं गाणं आहे आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात. तुम्ही करू नका. ते हलकंफुलकं, मिश्कील गाणं आहे, शेवटाकडे तर ग्रीन चक्क रॅप करतो. पण त्याच्यापासून सुरुवात केली की पुन्हा नावं मोजायची खोड लागते. सगळं ऐकून झाल्यावर चटणीसारखं चाखा.

तोवर जुने साथी एकेक करून बाहेर पडले होते. हेही वहीत लिहा. सिद्धांत लिहून पटवता येतो, पण पटवणाऱ्याच्या हातात सूत्रं येतात आणि सामूहिक बँड एका माणसाचा होतो. त्या टिपणात याबद्दल काही होतं का, कोण जाणे.

न्यूयॉर्क: रकाना पहिला नीट भरा

‘रफ ट्रेड’ ही छोटी कंपनी सुटली, ‘व्हर्जिन’ ही मोठी आली. दुसरा रकाना एका झटक्यात बदलला. ग्रीनने न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड गॅम्सन हा कीबोर्डवाला आणि फ्रेड माहेर हा ड्रमर जोडीला घेतला. १९८४ मध्ये आलेल्या ‘वुड बीझ’ या गाण्याच्या शीर्षकात कंसात अमेरिकन सोल गायिका अरेथा फ्रँकलिनचं नाव आहे, तिच्यासारखी प्रार्थना करण्याबद्दल. आणि निर्माता कोण? आरिफ मार्दिन, तुर्कस्तानात जन्मलेले, ‘अटलांटिक’ कंपनीचे, ज्यांनी साठच्या दशकात खुद्द अरेथाच्या रेकॉर्ड्सवर काम केलं होतं.

इथे जरा थांबा. पुस्तकी माणसाने अरेथावर नुसतं गाणं लिहिलं असतं तर ती एक टीप झाली असती, निबंधाच्या तळाला असते तशी. याने ते गाणं अशा माणसाच्या हाती दिलं जो ती गात असताना काचेच्या अलीकडे बसलेला होता. तळटीप उठून रेकॉर्डिंगच्या कन्सोलवर येऊन बसली! माझ्या मते या कारकिर्दीतला सगळ्यात विचारी निर्णय हाच, आणि ‘जाक देरिदा’ नावाच्या गाण्यापेक्षा देरिदा यात जास्त आहे. मूळ कुठे संपतं आणि नक्कल कुठे सुरू होते, ते सांगा बघू! गाणं ब्रिटनमध्ये १०व्या क्रमांकावर गेलं. तिसऱ्या रकान्यात आता निःशंक ‘सगळ्यांसाठी’ लिहा.

ऐकायचं कसं? बोल बाजूला ठेवा आणि एकेक वाद्य धरा. कीबोर्डचा एक तुकडा येतो, थांबतो. त्या फटीत गिटारचा बारीक तुकडा. त्याच्या फटीत ड्रमची चापट. एकही वाद्य दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. नंतर गाणं पुन्हा लावून फक्त डाव्या कानाने ऐका, मग फक्त उजव्या. हे असं विणायला किती तास लागले असतील, ते मला माझ्या पाठीच्या कण्यात कळतं. १९८५ च्या ‘क्युपिड अँड सायकी ८५’ या अल्बमवर अशी गाणी सलग आहेत. ‘द वर्ड गर्ल’ चुकवू नका. यात रेगे परत येतो, पण इस्त्री करून, आणि प्रेमगीतांत सारखा येणारा तो मुलीचा उल्लेख नेमकं काय काम करतो, हे प्रेमगीतातच विचारतो. ते ६व्या क्रमांकावर पोचलं. भाचीला जे पिवळ्या पेनाने सापडत नव्हतं, ते थोडंफार या गाण्यात आहे.

विकला गेला, असं त्याच्याबद्दल तेव्हाही म्हटलं गेलं. हा प्रश्न सोडवायला वही उघडा आणि १९७८ ची ओळ १९८५ च्या ओळीखाली धरा. मला त्यात फसवणूक दिसत नाही, पण किंमत दिसते. पहिल्या रेकॉर्डचं म्हणणं होतं, तुम्हीही हे करू शकता. ‘वुड बीझ’ ऐकून असं कुणालाच वाटणार नाही.

मग एक परीक्षा

‘परफेक्ट वे’ हे त्याच अल्बममधलं गाणं अमेरिकेच्या यादीत ११व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि मग एक अजब गोष्ट घडली. जाझचा नामवंत वादक माइल्स डेव्हिस याने १९८६ च्या ‘टुटू’ या अल्बमवर ते ट्रंपेटवर वाजवलं. दोन्ही पाठोपाठ लावा. माइल्सच्या तबकडीत बोल नाहीत. ग्राम्शी, देरिदा, शब्दांची कोडी, सगळं गळून पडलं. तरी काय उरलं ते लिहा. चाल उरते का? फटी उरतात का? माझ्या कानाला फटी उरलेल्या ऐकू येतात, आणि माइल्स त्या फटींतच वाजवतो. दोन वर्षांनी ग्रीनच्या ‘प्रोव्हिजन’ अल्बमवर ‘ओ पॅटी’ या गाण्यात माइल्स पाहुणा म्हणून आला.

वाचायचंच असेल तर

ग्राम्शीला १९२६ मध्ये अटक झाली, १९३७ मध्ये तो गेला. मधल्या काळात तुरुंगात लिहिलेल्या वह्यांपैकी लोकांच्या सहज समजुती आणि लोकप्रिय साहित्य यांवरची पानं निवडून वाचा, तेवढी पुरतात. देरिदाचा १९६७ चा लेखनविषयक मोठा ग्रंथ हातात घेऊन बसू नका. त्याचा इंग्रजी अनुवाद १९७६ मध्ये आपल्या कोलकात्याच्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी केला, आणि त्यांची प्रस्तावनाच एका पुस्तकाएवढी आहे. भाचीने ती वाचली, मी चाळली. त्यापेक्षा देरिदाच्या मुलाखतींचं १९७२ चं छोटं पुस्तक बरं. बोलताना माणूस निदान वाक्य संपवतो.

क्रम आणि सोय

सुरुवातीची गाणी सुटी शोधायची गरज नाही, २००५ साली ती ‘अर्ली’ नावाने एकत्र निघाली आहेत. पहिल्या संध्याकाळी ‘स्कँक ब्लॉक’ आणि ‘द स्वीटेस्ट गर्ल’, बस. दुसऱ्या संध्याकाळी ‘क्युपिड अँड सायकी’ अख्खा, हेडफोनवर, आणि लगेच माइल्स. तिसऱ्या संध्याकाळी २००६ चा ‘व्हाइट ब्रेड, ब्लॅक बिअर’. मधल्या अनेक वर्षांत ग्रीन बराच काळ वेल्समध्ये गप्प होता. हा अल्बम त्याने लंडनच्या घरातच जवळजवळ एकट्याने केला आणि पुन्हा ‘रफ ट्रेड’कडूनच काढला. ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत तो होता, पुरस्कार ‘आर्क्टिक मंकीज’ या बँडला मिळाला. ब्रायटननंतर मंचापासून दूर राहिलेला हा माणूस त्याच वर्षी ब्रिक्स्टनच्या एका पबमध्ये भलत्याच नावाने पुन्हा गायला उभा राहिला. या अल्बमचे रकाने भरताना ‘कुणाबरोबर’समोर काय लिहायचं याचा विचार करा. भाचीने रेघ मारली. मी ‘वायट, मार्दिन, गॅम्सन’ असं लिहिलं, कारण खोलीत नसले तरी मला ते त्या आवाजांच्या थरांत ऐकू येतात.

‘जाक देरिदा’ यानंतर. ‘प्रोव्हिजन’ वेळ उरला तर.